जपानी गाणं चालेल

त्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. विसरले म्हणून नव्हे. त्यांच्या अकरा कॅसेट अजून माझ्या कपाटात आहेत आणि प्रत्येकीवर ते नाव जपानी अक्षरांत छापलेलं आहे. पण नाव कळलं की लोक ऐकायचे थांबतात, असा माझा अनुभव आहे. ह्याला कुठल्या खणात ठेवायचं ते एकदा ठरलं की पुढचं कुणी ऐकत नाही. माझ्या आडनावाचं आयुष्यभर हेच होत आलंय, तेव्हा निदान त्या चौघांची तरी मी ह्यातून सुटका करते. चार पुरुष, दोन गिटार, एक बेस, एक ड्रम. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा त्यांनी गायला सुरुवात केली, आणि मी पीएच.डी. करायला अमेरिकेत आले तेव्हाही ते गातच होते.

ती गाणी माझ्यापर्यंत एका अपमानामुळे आली. तो आधी सांगते.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. स्टेट कॉलेज नावाच्या गावात पुण्याच्या दोन मुली एका अपार्टमेंटमध्ये राहत होत्या आणि त्यांना तिसरी हवी होती. ओळखीच्या ओळखीतून पत्रं झाली. पत्राखाली मी नुसतं पहिलं नाव लिहीत असे, सगळेच लिहितात. मी नागपूरहून दोन बॅगा घेऊन पोचले, त्यांनी वरणभात केला, उशी दिली, कॅम्पस बसचं वेळापत्रक दिलं. तिसऱ्या दिवशी जेवताना एकीने विचारलं, "अगं, तुझं आडनाव विचारायचं राहूनच गेलं." मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणून तिने मला लोणचं वाढलं. कुणी भांडी वेगळी केली नाहीत, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. आठवडाभरात त्यांनी फक्त एक चुलत बहीण निर्माण केली. ती शिकागोहून ट्रान्सफर घेऊन येतेय, सॉरी हं, तुला दुसरं बघावं लागेल. मी त्या गावात पाच वर्षं काढली. ती चुलत बहीण काही आली नाही.

लाँड्रीतल्या बोर्डावर एक चिठ्ठी होती, गोल गोल अक्षरांत: रूममेट पाहिजे, संगीत सहन करणारी. मी फोन केला. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका जपानी मुलीने. ती माती तपासायची, म्हणजे मृदाशास्त्रात पीएच.डी. करत होती, आणि मी काचेवर काम करत होते. तिने मला आडनाव विचारलं नाही. भाडेकरारावर मी ते लिहिलं तेव्हा तिने ते वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही म्हणून हसली आणि चहा ठेवायला गेली.

आणि मी काय केलं? आईला पत्र लिहिलं की रूममेट जपानी आहे, म्हणजे आपल्यातलीच. आता हसू येतं, पण आम्हा नागपूरच्या बौद्धांना हे बाळकडूच आहे. जपानी म्हणजे बुद्धाचा माणूस, आणि बुद्धाचा माणूस म्हणजे ज्याच्याकडे ही जातीची घाण नाही. आमच्या वस्तीतल्या विहारात जपानहून आलेली बुद्धाची तसबीर होती आणि लहानपणी मला वाटायचं की तो अख्खा देश सकाळी उठून वंदना म्हणतो. आईचं उलट टपाली उत्तर आलं: तिच्याजवळ वंदनेची कॅसेट असेल तर मागजो. मी मागितली. ती बिचारी गोंधळली. त्यांच्या घरी भिक्खू येतो तो कुणी गेल्यावरच, असं म्हणाली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. माझा अख्खा जपान तिने एका वाक्यात मोडीत काढला होता. वंदना नाही, पण हे आहे, म्हणत तिने माझ्या हातात वॉकमन दिला.

पहिलं ऐकलं ते बादल्यांचं गाणं. एक पोरगा शाळेच्या व्हरांड्यात उभा आहे, दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या. शिक्षा झालीय आणि काय चुकलं ते कुणी सांगत नाही. हात भरून आलेत, पण पाणी सांडलं तर पुन्हा शिक्षा. एवढंच गाणं. शब्द मला नंतर कळले, पण गाणारा ज्या आवाजात ओरडत होता तो आवाज मला त्याच क्षणी कळला. चुलत बहिणीची बातमी ऐकल्यावर माझ्या घशात अडकलेला आवाज होता तो. मी कॅसेट उलटी फिरवून ते गाणं सात वेळा ऐकलं.

गंमत अशी की त्या बँडने ते गाणं तीनदा रेकॉर्ड केलं होतं. पहिल्यांदा विशीत, तेव्हा तो नुसता किंचाळतो आणि ड्रमवाला त्याच्या मागे धापा टाकत धावतो. दुसऱ्यांदा तिशीला आल्यावर, तेव्हा आवाज जाडसर झालाय आणि तो दमलाय, बादल्या खाली ठेवाव्यात असं त्याला मनापासून वाटतंय. तिसरं नुकतंच आलेलं, त्यात तो शेवटच्या कडव्यात चक्क हसतो. इतकी वर्षं एकत्र गाणाऱ्या माणसांचं हे मला फार आवडायचं, की गाणं तेच राहिलं आणि माणूस मात्र पुढे सरकत गेला. रूममेटला तिसरं आवडायचं. मला पहिलंच. हसण्यासारखं काय आहे त्यात, असं मी तिच्याशी भांडायचे. पाणी अजून बादलीत आहे ना.

दुसरं एक होतं, टाय लावून सायकलवर निघालेल्या माणसाचं. त्याने नोकरी सोडलीय आणि घरी सांगितलेलं नाही, म्हणून रोज निघतो आणि समुद्रावर जाऊन डबा खातो. आणि तिसरं तांदळाचं. ते फार संथ. थंडीत एक बाई नळाच्या पाण्यात तांदूळ धुतेय. पहिलं पाणी पांढरं, दुसरं जरा कमी पांढरं, तिसरं स्वच्छ. तिचे हात लाल झालेत आणि तिचा मुलगा दारात उभा राहून ते बघतोय. गाण्यात दुसरं काही घडत नाही. हे गाणं लागलं की मी अभ्यास बाजूला ठेवायचे.

ही गाणी मी देवनागरीत उतरवून घेतली. जपानी भाषा देवनागरीत इतकी सरळ बसते की मला नवल वाटलं. रूममेट एक एक ओळ म्हणायची, मी लिहायचे, मग ती अर्थ सांगायची. दोनशे पानी वहीत डावीकडे जपानी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ. पाण्याला ते मिझु म्हणतात, हे मी तिथेच शिकले. तिला गिटार येत होती. उन्हाळ्यात मराठी मंडळाच्या पिकनिकला मी तिला घेऊन गेले आणि आम्ही दोघींनी बादल्यांचं गाणं म्हटलं. लोक खूश. एका काकूंनी दोनदा म्हणायला लावलं. पुण्याच्या त्या दोघींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. अर्थ मात्र कुणी विचारला नाही.

मंडळ म्हणजे पंचवीस-तीस कुटुंबं आणि आम्ही विद्यार्थी. त्याचा सगळा गाडा एक काका ओढत. ते एका कंपनीत इंजिनिअर होते आणि बरीच वर्षं त्या भागात राहत होते. अतिशय मऊ बोलणारा माणूस, मराठी अगदी छापील. हॉल ठरवणं, माईक लावणं, रेकॉर्डिंग करणं, शेवटी खुर्च्या घडी करून ठेवणं, सगळं तेच करत. स्टेजवर मात्र कधी यायचे नाहीत, हॉलच्या मागे मिक्सरच्या टेबलाशी बसून असायचे.

पुढच्या मार्चमध्ये आईचं पत्र आलं. तिच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी वर्षभर गायला बंदी केली होती. आमच्या वस्तीत जयंतीला बाया गाणी म्हणतात आणि आई त्यांची पुढची गाणारी. वीस वर्षांत तिची एकही जयंती चुकली नव्हती. तिने लिहिलं होतं: यंदा माझ्या वाटचं तू म्हण. घरात नको म्हणू, चार लोकांत म्हण, आणि टेप करून पाठव.

गाणं मला पाठ होतं. ते कुणी रचलं ते आईलाही माहीत नव्हतं.

तळ्याच्या काठी बाई, ओंजळ भरली
जात माझी तळ्यानं नाही विचारली
पाणी पिऊन बाई, मान वर केली
उन्हाची तिरीप गं डोळ्यांत भरली

त्यात कुणाचं नाव नाही, घोषणा नाही. एक बाई पाणी पिते, एवढंच. मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी होता, जयंतीच्या अगदी तोंडावर. मी काकांना फोन केला, पहिली ओळ म्हणून दाखवली आणि हे मला म्हणायचंय असं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कमिटीला विचारून सांगतो म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"हे बघ बाळा, ऑब्जेक्शन असं कुणाचंच नाहीये. पण आपला प्रोग्रॅम कल्चरल असतो. त्यात पॉलिटिक्स कशाला?"

मी म्हटलं, काका, त्या गाण्यात कुणाचं नावसुद्धा नाहीये.

"माहितीये मला," ते म्हणाले. "त्यापेक्षा ते तुमचं पिकनिकचं म्हणा ना. सगळ्यांना आवडलं होतं. जपानी गाणं चालेल."

मी फोन ठेवला. जपानी गाणं चालेल. सहा हजार मैलांवरच्या चार बाप्यांनी केलेला आरडाओरडा मराठी मंडळात चालतो, ज्याचा एक शब्द कुणाला कळत नाही तो चालतो, आणि माझ्या आईचं मराठी गाणं पॉलिटिक्स होतं. त्याच कार्यक्रमात देवाची आरती होती, गडकिल्ल्यांचा पोवाडा होता, ते सगळं कल्चर. पाणी पिणं तेवढं पॉलिटिक्स. अजूनही हे लिहिताना माझं डोकं सणकतं, आणि सणकू दे.

मी त्या दिवशी रूममेटला सगळं सांगितलं. तोवर दीड वर्ष आम्ही एका छपराखाली राहत होतो आणि जात ही काय चीज आहे ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने मला आडनाव न विचारता घर दिलं होतं, ती एक जागा मला स्वच्छ ठेवायची होती. चुलत बहीण सांगितली, तळं सांगितलं, आईचं पत्र वाचून दाखवलं. तुला हे समजणं कठीण आहे, तुमच्याकडे असलं काही नसतं, असंही वर म्हटलं.

ती गिटारच्या तारा पुसत होती. फडकं खाली ठेवून म्हणाली, "आमच्याकडेही विचारतात. कातडं कमावणाऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या होत्या. माझ्या आजीने माणूस लावून मुलाच्या गावाची चौकशी केली आणि माझ्या मावशीचं ठरलेलं लग्न मोडलं. मावशी अजून एकटी आहे."

मला इतका राग आला की मी उठून उभीच राहिले. तिचा नव्हे. तिच्या आजीचा, माझ्या वस्तीतल्या त्या तसबिरीचा, मी लहानपणापासून मनात सांभाळलेल्या त्या अख्ख्या देशाचा. म्हणजे जगात एकही जागा ह्यातून सुटलेली नाही? ती मान खाली घालून बसली होती. मग तिनेच ते सुचवलं. तुझ्या आईचे शब्द मी जपानीत करते, म्हणाली, आणि ते तांदळाच्या गाण्याच्या चालीवर म्हणू. त्यांना जपानी गाणं हवंय ना.

ही तीच मुलगी होती जी त्या बँडच्या गाण्यातला एक शब्द चुकला तर मला सुरुवातीपासून म्हणायला लावायची. शाळेपासून तिने ती गाणी देवासारखी जपली होती. त्यातल्या सगळ्यांत लाडक्या गाण्याचे शब्द ती आपल्या हाताने काढून टाकत होती. दोन आठवडे ती माझ्या आईच्या चार ओळींवर बसली. जात ह्या शब्दाशी ती अडली आणि शेवटी तिने लिहिलं, पाण्याने विचारलं नाही, तू कुठल्या गावची. तिच्या आजीचा प्रश्न तिने तिथे ठेवला होता.

मी सरळ मराठीत म्हणायला हवं होतं. माईक हातात होता, कोण अडवणार होतं? पण मी तिची युक्ती धरली, हिंमत धरली नाही, आणि ह्याबद्दल मी स्वतःला आजही बोल लावते.

शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतला होता. दुपारचे तीन वाजले होते, लांब काचांतून ऊन येत होतं, मुलं टेबलांखाली पळापळी करत होती. निवेदन पुण्याच्या त्या दोघींपैकी एकीकडे होतं. आता एक व्हेरी स्पेशल आयटेम, असं म्हणून तिने आम्हाला बोलावलं. रूममेटने गिटार वाजवायला सुरुवात केली आणि मी गायले. पहिली ओळ, दुसरी ओळ. मिझु हा शब्द आला तेव्हा माझा आवाज फाटला, पण सावरला. तांदूळ धुणाऱ्या बाईच्या चालीवर माझी आई तळ्यावर वाकत होती आणि समोर शंभर मराठी माणसं कौतुकाने माना डोलवत होती. संपल्यावर टाळ्या थांबेनात. किती गोड, किती शांत, असं पुढच्या रांगेतून ऐकू येत होतं.

निवेदन करणारी माईक घ्यायला आली. घेता घेता तिने सहज विचारलं, "हाऊ स्वीट! अर्थ काय गं ह्याचा?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी अर्थ विचारला होता. मी माईक सोडला नाही. सांगते, म्हटलं, आणि आईच्या चालीवर, आईच्या शब्दांत, चारही ओळी मराठीत म्हटल्या.

टाळी कुणी वाजवली नाही. एक लहान मुलगी तेवढी आईला इंग्लिशमध्ये विचारत होती की तळं कसं काय बोलू शकतं, आणि आई तिला गप्प करत होती. समोर बसलेले लोक हातातले कार्यक्रमाचे कागद वाचायला लागले. मग निवेदन करणारीने, चला, जेवण रेडी आहे, असं जाहीर केलं. अजून दोन आयटेम बाकी होते.

आम्ही जेवलो नाही. पार्किंग लॉटमध्ये रूममेट गिटार गाडीत ठेवत होती तेवढ्यात मागून काका धावत आले. मी भांडायच्या तयारीनेच वळले. त्यांच्या हातात कॅसेट होती.

"रेकॉर्डिंग आहे," ते म्हणाले. "दोन्ही आलंय. आईला पाठव."

आईचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मी कॅसेट घेतली. ते जाईनात. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तू तळ्यानं म्हणाली. आमच्याकडे बाया पाण्यानं म्हणत. जात माझी पाण्यानं नाही विचारली."

चालीत म्हटलं त्यांनी. बरोबर त्याच चालीत, जिथे आई श्वास घेते तिथे श्वास घेऊन. छापील मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. आणि मला फोनवरची ती शांतता आठवली, ते "माहितीये मला" आठवलं, आणि कमिटी म्हणजे कोण तेही कळलं. कुणालाच ऑब्जेक्शन नव्हतं, कारण कुणाला विचारलंच नव्हतं. हा माणूस इतकी वर्षं ह्या लोकांच्या खुर्च्या घड्या करत होता आणि माझ्या गाण्यामुळे आपलं बिंग फुटेल म्हणून त्याने माझ्या आईचं तोंड बंद केलं होतं.

मला त्यांची दया यायला हवी होती. आज येते, थोडी. त्या वेळी आला तो राग, पहिल्या कॅसेटवरच्या गाण्यातला, बादल्या फेकून देणारा. आणि जो प्रश्न मी जन्मात कुणाला विचारणार नाही अशी शपथ घेतली होती, तो मी त्या उन्हात त्यांना विचारला.

"काका, तुमचं आडनाव काय?"

त्यांनी मंडळाच्या यादीत असलेलं आडनाव सांगितलं, गावावरून घेतलेलं, कुठेही खपणारं.

"ते नाही," मी म्हटलं. "आधीचं."

त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. लॉटमध्ये आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. मग बादल्या धरून उभ्या असलेल्या पोरासारखे दोन्ही हात अंगाशी ताठ धरून त्यांनी ते सांगितलं, आणि मान खाली घालून खुर्च्या उचलायला आत गेले.